न्हाणीघरातील ॲसिड कोणाच्या हाती?

दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये एक दृश्य घरोघरी दिसते. पंखे पुसून होतात, माळे उतरवून होतात, डबे घासून पालथे घातले जातात आणि शेवटी न्हाणीघराची पाळी येते. भिंतीवरच्या टाईल्स नुसत्या पाण्यानेही उजळतात. पण दोन टाईल्समधले जे सांधे मुळात पांढरे होते ते कोठे पिवळट, कोठे तपकिरी आणि फवाऱ्याखालच्या कोपऱ्यात तर काळेकुट्ट झालेले असतात. घरातल्या वहिनी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना म्हणतात, “मावशी, आज तेवढं बाथरूम ॲसिड टाकून घासून द्या ना. वरचे पैसे देईन.” मावशी पदर नाकाला बांधतात, उकिडव्या बसतात आणि बाटलीतला द्रव भिंतीवर ओततात. फेस येतो, धूर येतो, डोळ्यांना पाणी येते. वास घरभर पसरू नये म्हणून दार लोटून घेतलेले असते. थोड्या वेळाने सांधे पांढरे दिसू लागतात, हातावर शंभराची नोट पडते आणि मावशी पुढच्या घरी जातात. रात्री भाकरीचे पीठ मळताना बोटांची आग होते, तेव्हा शंभराच्या नोटेचा खरा हिशेब सुरू होतो.

महागाई, बेकारी आणि शेतीमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना फरशीच्या सांध्यांसारख्या क्षुल्लक विषयाला जागा कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु शोषणाचे व्यवहार मोठ्या कारखान्यांच्या दारातच चालतात, असे थोडेच आहे? ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावरही चालतात. फरक एवढाच, की तेथे संघटना पोहोचत नाही, निरीक्षक पोहोचत नाही आणि ज्यांच्या घरात हे घडते ते स्वतःला मालक समजत नाहीत. म्हणूनच या क्षुल्लक गोष्टीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

मळ येतो कोठून?

टाईल्सच्या सांध्यांत भरलेले द्रव्य, ज्याला गवंडी ग्राउट म्हणतात किंवा नुसतेच ‘व्हाइट सिमेंट’ म्हणतात, ते बहुधा पांढरे सिमेंट आणि बारीक भुकटी यांचे मिश्रण असते. टाईलचा पृष्ठभाग भट्टीत भाजून काचेसारखा झालेला असतो. त्यात पाणी शिरत नाही. सांध्याचे तसे नसते. सिमेंट सच्छिद्र असते. मिश्रणात पाणी जास्त झाले तर ते आणखी सच्छिद्र होते, कारण जादा पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी पोकळ्या उरतात. गवंड्याला पैसे चौरस फुटांवर मिळतात आणि ठेकेदाराला इमारत मुदतीत हातावेगळी करायची असते. अशा घाईत पातळ कालवलेले सिमेंट सांध्यांवरून फडक्याने फिरवले जाते. त्यात गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या श्रमाचा दर ज्याने ठरवला, त्याने त्या सांध्याचे आयुष्यही तेव्हाच ठरवले.

पुढचा भाग पाण्याचा. शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या वसाहतींना पुरेसे नळाचे पाणी मिळत नाही. पुणे महापालिकेत २०२१ साली २३ गावे घेण्यात आली. त्यांतील वाघोली, पिसोळी अशा भागांतील अनेक संस्थांचा कारभार टँकरवर आणि विंधन विहिरीवर चालत आला आहे. जमिनीखालचे हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पाठ्यपुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार करतात. हा साका सांध्याच्या छिद्रांत बसतो. अंगावरचा तेलकटपणा आणि त्वचेची भुकटी त्यात मिसळते, आणि बुरशीला अन्नाचे ताट वाढून मिळते. ओल तर तेथे असतेच. नव्या इमारतींतली न्हाणीघरे घराच्या पोटात असतात. त्यांची खिडकी उघडते ती मोकळ्या हवेत नव्हे, तर पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद डक्टमध्ये. तेथे ऊन येत नाही, वारा फिरत नाही. सकाळी सात वाजता भिजलेली भिंत दुपारपर्यंत ओलीच राहते.

सांध्यावरच्या काळ्या रेघेत असा सगळा इतिहास साठलेला असतो. बिल्डरने वाचवलेली खिडकी, ठेकेदाराने वाचवलेला दिवस आणि नगरनियोजनाने न पोहोचवलेले पाणी यांचे ते देणे आहे. या तिघांपैकी कोणीही ते देणे फेडायला येत नाही. फेडायला येते ती महिन्याला ठरावीक पैशांवर राबणारी बाई, हातात तारेची घासणी घेऊन.

फेस कशाचा?

बाजारात साफसफाईचे ॲसिड म्हणून जे मिळते ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. शौचकूप साफ करण्याच्या अनेक बाटलीबंद द्रावणांत त्याचे प्रमाण सुमारे १० टक्के असते. सुट्या विकल्या जाणाऱ्या ॲसिडात ते याहून बरेच अधिक असू शकते. ते आम्ल भिंतीवर पडताच फेस उसळतो आणि पाहणाऱ्याला वाटते की मळ निघाला. मळ थोडा निघतोही. पाण्याच्या क्षारांचा थर आम्लात विरघळतो. पण सिमेंटही मूळचे चुन्याच्याच कुळातले. आम्ल क्षाराला खाते तसे सिमेंटलाही खाते, आणि त्या फेसात सांध्याचाही वाटा असतो. वरचा काळा पापुद्रा गेला की आतला ताजा भाग उघडा पडतो म्हणून सांधा पांढरा दिसतो. मात्र आता त्याची छिद्रे पूर्वीपेक्षा मोठी झालेली असतात. पुढच्या वेळी साका अधिक खोल शिरतो, बुरशी लवकर येते, आणि दिवाळीला घासलेला सांधा होळीपर्यंत पुन्हा काळा होतो. मग पुन्हा ॲसिड. असे काही वेळा झाले की सांधा पोकळ होतो, पाणी टाईलच्या मागे मुरते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते. संस्थेच्या सभेत त्यावरून भांडणे होतात, पण भांडणाचे मूळ बाटलीत होते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

भिंतीची ही कथा, तर माणसाची काय सांगावी? आम्लाची वाफ डोळे, नाक आणि घसा जाळते. ज्या बाईला आधीच दमा आहे तिला ती अधिक बाधते. हातमोजे नसतील तर नखांच्या कडा फाटतात आणि जुन्या भेगांतून रक्त येते. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. ॲसिडने काळेपणा पुरता गेला नाही तर वरून ब्लीच ओतले जाते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याची आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. दार लोटलेल्या, खिडकी डक्टमध्ये उघडणाऱ्या छोट्याशा खोलीत तो तयार व्हावा आणि त्यात एक स्त्री उकिडवी बसलेली असावी, याची कल्पना दोन्ही बाटल्या आणून देणाऱ्या गृहस्थाला नसते. बाटल्यांवर बारीक अक्षरांत इशारे छापलेले असतात. जिला ते वाचायची गरज आहे तिला बहुधा त्या इंग्रजी अक्षरांची ओळख नसते. सुट्या ॲसिडाच्या बाटलीवर तर पूर्वीच्या सरबताचे किंवा थंड पेयाचेच लेबल असते.

ॲसिडाच्या विक्रीवर बंधने नाहीत असे नाही. ॲसिडहल्ल्यांच्या प्रश्नावर लक्ष्मी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला, की विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ॲसिड विकू नये. आदेश महत्त्वाचा होता. परंतु गल्लीतल्या हातगाडीपर्यंत तो किती पोहोचला, हे कोणत्याही रहिवाशाने आपल्या न्हाणीघरातल्या बाटलीकडे पाहून ठरवावे.

पर्याय स्वस्त आहे. मग अडते कोठे?

वास्तविक या मळाला ॲसिड लागत नाही. साबणाचा साका कोमट पाण्यात कालवलेल्या सोड्याने सैल होतो. खाण्याच्या सोड्याचा दाट लेप सांध्यांवर लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि नायलॉनच्या अरुंद, ताठ ब्रशने घासावा. बराचसा पिवळेपणा जातो. तारेची घासणी वापरू नये. ती सांधा ओरबाडते आणि तिचे तुटलेले कण तेथे गंजून नवे डाग पाडतात. बुरशीचा काळेपणा उरलाच तर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा भरपूर पाण्यात मिसळलेले ब्लीच, यांपैकी कोणतेही एकच, दुसऱ्या कशातही न मिसळता, दार-खिडकी उघडी ठेवून लावावे आणि नंतर पाण्याने धुऊन काढावे. लिंबू आणि व्हिनेगर यांची घरगुती उपाय म्हणून बरीच स्तुती होते, पण तीही आम्लेच. वरचेवर वापरली तर सिमेंटच्या सांध्याला तीही सौम्यपणे खातात. सांधा पोकळच झाला असेल तर घासण्यात अर्थ नाही. गवंडी बोलवावा, जुने सिमेंट खरवडून काढावे, नवे भरून नीट सुकू द्यावे आणि त्यावर पाणी न शोषणारा लेप द्यावा. आणि या सर्वांहून गुणकारी उपाय सर्वांत साधा आहे. आंघोळ झाल्यावर प्रत्येकाने भिंतीवरचे पाणी वायपरने ओढून टाकावे आणि दार उघडे ठेवावे. त्याला एक मिनिट लागते. ओल नसेल तेथे बुरशी टिकत नाही.

मग हे होत का नाही? कारण सोड्याला वेळ लागतो आणि ॲसिड वेळ वाचवते. कोणाचा वेळ, हा खरा प्रश्न आहे. ‘आमच्या बाई स्वतःच ॲसिड मागतात, आम्ही सांगत नाही,’ असा युक्तिवाद अनेक सुशिक्षित घरांत ऐकू येतो, आणि तो खोटा नसतो. ज्या बाईला दुपारपर्यंत पाच घरे आटपायची आहेत, उशीर झाला तर पाचव्या घरी बोलणी खायची आहेत, ती अर्धा तास सोड्याचा लेप वाळण्याची वाट कशी पाहील? तिने ॲसिड निवडले असे म्हणणे म्हणजे खाणकामगाराने धूळ निवडली असे म्हणण्यासारखे आहे. तिच्या वेळेला किंमत नाही म्हणून तिच्या फुप्फुसांनी ती भरून द्यायची, असा हा सौदा आहे. मालकाला स्वच्छ सांधा हवा असतो. तो स्वच्छ व्हायला लागणाऱ्या वेळेचे पैसे मात्र द्यायचे नसतात.

घर हे कामाचे ठिकाण आहे

भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला त्या धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क मान्य झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने त्या अधिनियमाची जागा घेतली. पण तिचाही रोख मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे. एकट्या बाईला कामावर ठेवणारे घर तिच्या कक्षेबाहेरच राहते. कारखान्यात ज्या द्रवासाठी हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षण हवे, तोच द्रव घरात आला की हाताला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी पुरेशी ठरते.

घर म्हणजे खाजगी जागा, तेथे कायदा कसा शिरणार, असे म्हटले जाते. पण तो शिरलेला आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख आहे आणि राहते घर हे कामाचे ठिकाण मानलेले आहे. एकदा हे तत्त्व मान्य केल्यावर ते एकाच गुन्ह्यापुरते कसे ठेवता येईल? घर जर छळाच्या बाबतीत कामाचे ठिकाण असेल तर ॲसिडाच्या बाबतीतही ते कामाचेच ठिकाण असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ संमत केला, त्यात सुरक्षित आणि आरोग्यदायी परिस्थितीत काम करण्याचा हक्क नोंदलेला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. अनुसमर्थन मात्र केलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासण्यास समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच संसदेच्या उदासीनतेची कबुली आहे.

महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ साली केला, याचे श्रेय संघटनांना आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी काम बंद ठेवून शहराला आपल्या अस्तित्वाची जाणीव करून दिली, तेथपासूनची ही वाट आहे. पण या मंडळाचा गाभा नोंदणी आणि कल्याणनिधी एवढाच राहिला. याच राज्याने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात मालकाकडून मजुरी आणि वर लेव्ही वसूल करून ती मंडळामार्फत कामगाराला देण्याची व्यवस्था होती. घरकामगारांना ती मिळाली नाही. माथाडी कायदा होण्याआधी हमालाच्या पाठीवरचे ओझेही ‘रीत’ म्हणूनच गणले जात होते. पोते शंभर किलोचे असायचेच, असे व्यापारी म्हणत. ते पन्नास किलोवर आणावे यासाठी बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पाठीवरच्या ओझ्याला मर्यादा असू शकते हे समाजाने तेव्हा शिकून घेतले. हातावरच्या ॲसिडालाही मर्यादा असू शकते, हे आता शिकायचे आहे.

पाळी कोणाची?

कायद्याच्या पलीकडे मनाचा भाग उरतोच. न्हाणीघर घासण्याचे काम अनेक घरांत पोळ्या करणाऱ्या बाईंना सांगितले जात नाही. त्यासाठी ‘वेगळी’ बाई लागते, आणि ती वेगळी बाई बहुधा कोणत्या समाजातून येते हे उघड गुपित आहे. तिचा चहाचा कप वेगळा असतो. स्वच्छता करणारा अस्वच्छ ठरावा ही जातिव्यवस्थेची जुनी किमया उंच इमारतीच्या लिफ्टमधून चौदाव्या मजल्यावरही पोहोचली आहे. आणि जेथे बाहेरची बाई नाही तेथे घरची बाई आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले. असे काम करणारे पुरुष मुळात २६ टक्केच होते, आणि त्यांची सरासरी होती ९७ मिनिटे. या ९७ मिनिटांत न्हाणीघराचे सांधे किती वेळा येत असतील?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर कृतीने देणारी माणसे होऊन गेली आहेत. ‘कोकणचे गांधी’ अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून अन्नत्याग केला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास आरंभला. सेनापती बापटांनी हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडले. या माणसांची चरित्रे ज्या घरांतील कपाटांत आहेत, त्याच घरांतील न्हाणीघरांत ॲसिडाची बाटलीही आहे. जयंतीच्या दिवशी झाडू घेऊन छायाचित्र काढून घेणे सोपे असते. आपल्याच अंगावरून ओघळलेल्या साबणाचा साका आपण घासणे त्याहून कठीण असावे, असे दिसते.

समाजवादी कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे नाक मुरडून पाहू नये. गृहनिर्माण संस्था ही आज शहरातली सर्वांत लहान सत्ता आहे, आणि बदल तेथूनच सुरू करता येईल. संस्थेच्या वार्षिक सभेत ठराव करून घ्यावा, की आवारात सुटे ॲसिड येणार नाही. घरकामगारांना हातमोजे, लांब दांड्याचे ब्रश आणि आवश्यक तो वेळ देणे ही प्रत्येक सदस्याची जबाबदारी असेल. देखभालखर्चाबरोबर दर सदनिकेमागे काही रक्कम घरकामगारांच्या आरोग्यासाठी बाजूला काढली जाईल. संस्थेच्या पातळीवर हे रुजले तर माथाडीच्या धर्तीवर लेव्हीचे अधिकार असलेले मंडळ मागणे सरकारपुढे अधिक जोराने मांडता येईल. बांधकाम परवानगी देताना न्हाणीघराला खरी हवा मिळते की नाही हे पाहण्याचा आग्रह महापालिकांत धरावा लागेल, कारण मळाचे मूळ तेथे आहे.

आणि हे सारे होईपर्यंत? घरातील कर्त्या पुरुषाने येत्या रविवारी बाही वर करावी, सोड्याचा लेप कालवावा आणि ब्रश घेऊन स्वतः उकिडवे बसावे. एक भिंत पूर्ण होईपर्यंत गुडघे काय म्हणतात ते ऐकावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या की त्यांच्या कामाचा दर ठरवताना तो अनुभव उपयोगी पडेल.